लांकडी बैलांचा पोळा

भाद्रपद शुद्ध प्रतिपदेच्या संध्याकाळीं नागपूरच्या गल्ल्यांतून बैलांची एक मिरवणूक निघते. या बैलांना वैरण लागत नाहीं, पाणी लागत नाहीं, आणि त्यांच्या मानेवर जूं कधींच चढलेलें नसतें. त्यांच्या पायांखालीं चार लांकडी चाकें असतात. दोरी धरणारा धनी पांच-सहा वर्षांचा असतो, आणि कित्येकदां बैलापेक्षां धनीच लहान असतो. या सणाला विदर्भांत तान्हा पोळा म्हणतात.

ज्या घरांत मोठमोठ्या लढायांच्या आणि तहांच्या तारखा मुलांकडून पाठ करून घेतल्या जातात, त्याच घरांत फडताळावर उभा असलेला लांकडी बैल कोणाच्या वेळेपासून तेथें आहे, हें सांगणारें कोणी नसतें. खेळणें मोडलें कीं फेकलें जातें. त्याची नोंद कोणी दप्तरांत ठेवीत नाहीं. तरीहि या एका खेळण्याच्या मागें नागपूरच्या राज्याचा, वऱ्हाड-नागपुराकडील शेतीचा आणि सुतारकामाचा मोठा इतिहास उभा आहे. तो क्रमानें पाहिला म्हणजे ध्यानांत येतें कीं, राजाच्या तिजोरींतून जें गेलें तें परत आलें नाहीं; मुलाच्या हातांत जें पडलें तें मात्र टिकलें.

तान्हा पोळा समजण्यासाठीं प्रथम मोठा पोळा समजला पाहिजे. श्रावणांतील अमावास्या, जिला पिठोरी अमावास्या म्हणतात, हा विदर्भांत बैलांचा दिवस. त्या सुमारास पेरणी आटोपलेली असते, डवरणीचा जोर ओसरलेला असतो, आणि ज्यांच्या खांद्यांवर हें सारें काम झालें त्यांना विसावा देण्याची वेळ आलेली असते. आदल्या दिवशीं बैलांचे खांदे हळद व तूप लावून मळतात आणि उद्यांच्या जेवणाचें आवतण त्यांना देतात. पोळ्याच्या दिवशीं त्यांना न्हाऊं घालतात, शिंगांना रंग व बेगड लावतात, पाठीवर झूल घालतात, गळ्यांत घुंगुरमाळा बांधतात. संध्याकाळीं गांवच्या आखरावर आंब्याच्या पानांच्या तोरणाखालीं जोड्या रांगेनें उभ्या राहतात. झडत्या म्हटल्या जातात. एकाची झडती संपते तों दुसऱ्याची सुरू होते. मग तोरण तुटतें, पोळा फुटतो, आणि बैल घरोघर पूजेला जातात. त्या दिवशीं बैलाला चाबूक दाखवीत नाहींत, आणि शेतांत औत जात नाहीं.

सण असा कृतज्ञतेचा असला तरी त्याला मानपानाची एक बाजू आहे. तोरणाखालीं पहिला मान गांवच्या पाटलाच्या जोडीचा. मध्यप्रांतांत मालगुजारीची पद्धति १९५१ सालीं कायद्यानें संपली. तोंपर्यंत मालगुजाराच्या जोडीपुढें दुसऱ्याची जोडी जात नसे. मागें राहिलेल्या जोड्यांचाहि क्रम ठरलेला असे, आणि त्या क्रमावरून गांवांत तंटे होत. ज्याच्या घरीं बैलच नाहींत, त्याला त्या रांगेंत जागा नव्हती. शेतमजूर, विणकर, सुतार, कासार, कारकून हे सारे कडेला उभे राहून पाहणारे. त्यांनीं फार तर घरीं मातीचे बैल करून त्यांची पूजा करावी, आणि ही रीत महाराष्ट्रांत पुष्कळ ठिकाणीं आहेहि. नागपुरासारख्या शहरांत तर अशीं घरेंच अधिक. कोष्ट्यांच्या घरीं माग असतो, व्यापाऱ्याच्या घरीं तराजू असतो, वकिलाच्या घरीं पुस्तकें असतात. बैल कोणाच्या दारांत असणार?

मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं या उणिवेची भरपाई होते. तान्हा म्हणजे अंगावर पिणारा, अगदीं लहान. तान्हा पोळा म्हणजे लहानग्यांचा पोळा. मुलगा धोतर नेसून, डोक्याला फेटा बांधून लांकडी बैलाला दोरीनें ओढीत निघतो. मुलीहि निघतात. बैलाच्या शिंगांना बेगड असते, पाठीवर चिमुकली झूल असते, गळ्यांत घुंगरूं असतें. मैदानांत किंवा देवळापुढें तोरण बांधलेलें असतें. तेथें हे बैल रांगेनें उभे राहतात, आणि वडील माणसें हंसत हंसत पण रीतसर त्यांचा पोळा फोडतात. नंतर मूल बैल घेऊन शेजारीपाजारीं व नातलगांकडे जातें. घरांतील बाई लांकडी बैलाच्या पायांवर पाणी घालते, कपाळीं कुंकू लावते, त्याला ओवाळते, आणि मुलाच्या हातावर खाऊ किंवा पैसे ठेवते. या देणगीला बोजारा म्हणतात. खऱ्या बैलाचा धनी आणि त्याचा गडी यांना आदल्या दिवशीं जो मान मिळाला, तोच मान आज ज्याच्या घरीं औत नाहीं त्याच्या मुलाला मिळतो.

चाकांवरचा प्राणी हें खेळणें मात्र नागपुरांत प्रथम निर्माण झालें असें नाहीं. तें फार जुनें आहे. हडप्पा आणि मोहेंजोदडो येथील उत्खननांत मातीच्या लहान गाड्या, मातीचे बैल आणि दोरी ओढली असतां मान हलवणारा मातीचा बैल सांपडला आहे. महाराष्ट्रांत तर याहून नवल वाटावें असा शोध १९७४ सालीं लागला. अहमदनगर जिल्ह्यांत, ज्याचें नांव आतां अहिल्यानगर आहे, प्रवरेच्या कांठीं दायमाबाद येथें झाडाचीं मुळें खणतांना गांवकऱ्यांना धातूच्या चार ओतीव वस्तु सांपडल्या. बैलांची जोडी जुंपलेला आणि पुरुष हांकीत असलेला एक रथ; आणि चाकांवर उभे असलेले हत्ती, गेंडा व रेडा. चारींचें मिळून वजन साठ किलोहून अधिक भरलें. त्या साडेतीन ते चार हजार वर्षांपूर्वींच्या असाव्यात असें विद्वान् मानतात. एवढें वजन ओढणें मुलाच्या खेळांत बसत नाहीं. तेव्हां त्या उत्सवांत मिरवण्यासाठीं असाव्यात, असा तर्क आहे. म्हणजे खेळणें कोठें संपतें आणि पूजेची वस्तु कोठें सुरू होते, ही सीमा प्राचीन काळींहि अस्पष्टच होती. तान्ह्या पोळ्याचा बैलहि याच सीमेवर उभा आहे: कुंकू लावतांना तो देव असतो आणि अंगणांत ओढतांना खेळणें.

खेळण्यांत गरिबी-श्रीमंतीचा प्रश्न येतो, हेंहि जुनेंच आहे. शूद्रकाच्या ज्या नाटकाचा गोविंद बल्लाळ देवल यांनीं मराठी रंगभूमीला परिचय करून दिला, त्याचें नांवच मुळीं एका खेळण्यावरून पडलें आहे. चारुदत्ताचा मुलगा रोहसेन शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीशीं खेळून आलेला असतो. घरीं दासी त्याला मातीची गाडी करून देते, आणि तो रडूं लागतो. वसंतसेना आपले दागिने काढून त्या मातीच्या गाडींत भरते. पुढचें सारें संकट या दागिन्यांवरून ओढवतें. मुलाच्या रडण्यांतील दुःख क्षुल्लक नाहीं, हें त्या कवीनें ओळखलें होतें.

आतां नागपूरकडे वळूं. देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंद यानें अठराव्या शतकाच्या आरंभीं हें शहर वसवलें. पुढें गोंड घराण्यांतील भाऊबंदकींत पहिले रघूजी भोसले मदतीस आले, आणि त्या शतकाच्या मध्यापर्यंत सत्ता भोसल्यांकडे गेली. रघूजींच्या घोडेस्वारांनीं बंगालपर्यंत मजल मारली, आणि ओरिसा नागपूरच्या राज्यांत आला. या वैभवाचा उतार दुसऱ्या रघूजींच्या वेळीं सुरू झाला. ते १७८८ सालीं गादीचे धनी झाले. १८०३ सालीं इंग्रजांशीं झालेल्या युद्धांत आडगांव येथें पराभव झाला, गाविलगड पडला, आणि १७ डिसेंबर १८०३ रोजीं देवगांवच्या तहानें कटक आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड हातचें गेलें.

राज्याचा मोठा भाग गेला, पण फौज आणि दरबार यांचा खर्च गेला नाहीं. तो भरून काढण्यासाठीं रघूजींनीं रयतेवर करांचा बोजा इतका वाढवला कीं, लोक त्यांना 'बडा बनिया' म्हणूं लागले. त्यांतच पेंढाऱ्यांचा उपद्रव. १८११ सालीं पेंढारी थेट नागपूरपर्यंत आले आणि त्यांनीं शहराच्या बाहेरच्या वस्त्या जाळल्या. अशा या राजानें तान्हा पोळा सुरू केला, अशी भोसले घराण्यांतील परंपरा आहे, आणि त्याचें साल १८०६ असें सांगितलें जातें. म्हणजे देवगांवच्या तहानंतर जेमतेम तीन वर्षांनीं. मुलांनाहि बैलांचें महत्त्व कळावें, आणि ज्या मुलांना खरा बैल आवरणें शक्य नाहीं त्यांनाहि पोळ्याचा आनंद मिळावा, हा त्यामागचा हेतु होता असें सांगतात.

परंपरेंतील सालावर कोणीहि इतिहासकार डोळे मिटून विसंबणार नाहीं. पण ती परंपरा ज्या राजाचें नांव घेते तें लक्षांत घेण्यासारखें आहे. लोकांच्या आठवणींत पराक्रमी पहिले रघूजी होते, आणि राज्य टिकवण्यासाठीं धडपडलेले इतरहि होते. मुलांच्या सणाचा मान मात्र गेला तो ज्याच्या करांनीं लोक कण्हत होते त्या राजाकडे. एकाच माणसाचीं दोन नांवें लोकांनीं जपलीं, एक कराच्या वहींतलें आणि एक अंगणांतलें. दुसऱ्या रघूजींचा मृत्यु १८१६ सालीं झाला.

त्यानंतरच्या घटना वेगानें घडल्या. नोव्हेंबर १८१७ मध्यें सीताबर्डीच्या टेंकडीवर लढाई झाली आणि अप्पासाहेब भोसले पराभूत झाले. १८१८ सालीं इंग्रजांनीं त्यांना दूर करून दुसऱ्या रघूजींच्या अल्पवयी नातवाला गादीवर बसवलें. त्याची पालक झाली ती दुसऱ्या रघूजींची राणी बाकाबाई, आणि राज्याचा कारभार रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स यांच्या हातीं गेला. हा तिसरा रघूजी ११ डिसेंबर १८५३ रोजीं निपुत्रिक वारला. डलहौसीनें दत्तक मान्य केला नाहीं, आणि १८५४ सालीं नागपूरचें राज्य खालसा झालें.

पुढें जें झालें तें नागपूरकर पुष्कळ वर्षें विसरले नाहींत. राण्यांचा विरोध न जुमानतां राजवाड्यांतील संपत्ति बाहेर काढण्यांत आली. जडजवाहीर विक्रीसाठीं कलकत्त्याला गेलें. हत्ती, घोडे, उंट आणि बैल लिलावांत विकले गेले, आणि तेहि कवडीमोलानें. ज्या बैलांना पोळ्याच्या दिवशीं राजवाड्यापुढें पहिला मान मिळत असे, त्यांच्या गळ्यांतील दोऱ्या कोणा परक्यानें सोडून नेल्या. पोळ्याचा राजमान त्या लिलावाबरोबर संपला. मुलांचा पोळा मात्र संपला नाहीं. महाल भागांतील भोसल्यांच्या वाड्यांत तान्हा पोळा आजहि होतो, आणि तेथील माणसाहून उंच लांकडी बैल पाहण्यासाठीं लोक मुलांना घेऊन जातात. लिलाव पुकारणाऱ्याला खेळण्याचें मोल ठरवतां आलें नसतें. आणि घरोघर विखुरलेले ते बैल त्याच्या यादींत येणारहि नव्हते.

याच दिवशीं सकाळीं नागपुरांत दुसरी एक मिरवणूक निघते, ती मारबतीची. इतवारी-बुधवारीच्या वस्त्यांतून काळी मारबत आणि पिवळी मारबत या दोन प्रचंड पुतळ्यांची यात्रा, १८८० ते १८८५ च्या सुमारास सुरू झालेली, आजतागायत चालू आहे. रोगराई आणि अनिष्ट गोष्टी गांवाबाहेर घेऊन जाण्याचें काम या पुतळ्यांकडे असतें, आणि त्यांच्याबरोबरचे बडगे त्या त्या वर्षाच्या अनाचाराची टवाळी करतात. काळी मारबत म्हणजे इंग्रजांना मिळालेली बाकाबाई, असें लोक मानतात. बाकाबाईची बाजू इतकी सोपी नव्हती. सीताबर्डीनंतर एका अल्पवयी नातवाची गादी सांभाळणाऱ्या स्त्रीपुढें किती मार्ग मोकळे होते, याचा विचार जाळण्यासाठीं पुतळा उचलणारा जमाव करीत नाहीं. परंतु लोकस्मृतीचा न्याय कसा चालतो, हें या एका दिवशीं स्पष्ट दिसतें. पतीला आणि पत्नीला एकच तिथि वांटून दिली आहे: सकाळीं राणीच्या नांवाचा पुतळा वेशीबाहेर जातो, आणि संध्याकाळीं राजाच्या नांवाचा बैल घरांत येतो.

राजानें चाल घातली असें धरलें, तरी बैल कोणी घडवले? ते सुतारांनीं घडवले. पोळ्याच्या आधीं सुतारांच्या घरीं हा हंगाम असतो. चितार ओळींत मूर्तिकार गणपतींवर शेवटचे हात फिरवीत असतात, कारण पोळ्यानंतर चारच दिवसांनीं गणेशचतुर्थी येते; त्याच दिवसांत लांकडी बैल बाजारांत रांगेनें मांडले जातात. सागाचा बैल महाग, पण तो पिढ्यान् पिढ्या टिकतो. शिवणीचें लांकूड हलकें आणि कोरण्यास मऊ. आंब्याचें लांकूड स्वस्त, पण त्याला कीड लागते. पूर्वेकडे भंडारा आणि दक्षिणेकडे चांदा हे जंगलांचे प्रदेश असल्यामुळें नागपूरच्या सुताराला लांकडाची वाण कधीं पडली नाहीं.

काम दिसतें तितकें सोपें नाहीं. ओंडका सावलींत महिनोन्महिने वाळूं द्यावा लागतो. ओल राहिली तर रंग दिल्यानंतर बैलाच्या पोटाला भेग पडते. धडाचा ठोकळा असा धरावा लागतो कीं, लांकडाचे तंतु मानेपासून शेपटीकडे जावेत. पाय मात्र त्याच ठोकळ्यांतून बारीक कोरले तर तंतु आडवे येतात, आणि मुलानें बैल एकदां आपटला कीं पाय मोडतो. म्हणून चांगला सुतार पाय उभ्या तंतूंच्या लांकडाचे वेगळे करतो आणि खाच पाडून धडांत घट्ट बसवतो. शिंगेंहि वेगळीं. वाकसानें ढोबळ आकार, पटाशीनें वशिंड, गळ्याखालीं लोंबणारी पोळी आणि नाकपुड्या, कानशीनें गोलाई, मग घांसकागद. शेवटीं चार पाय एका फळीवर ठोकतात आणि फळीखालीं आंस व चाकें बसवतात. चाकाचें भोंक आंसापेक्षां किंचित् मोठें असावें लागतें. फार मोठें झालें तर बैल डुलतो, घट्ट झालें तर चाक फिरत नाहीं आणि बैल फरफटत येतो. खरेदी करतांना जाणतीं माणसें रंगाकडे पाहत नाहींत. बैल जमिनीवर ठेवून हातभर ओढून पाहतात.

आकृतीकडे लक्ष दिलें तर एक गोष्ट दिसते. पुष्कळ बैल पांढरे रंगवलेले, उंच वशिंडाचे, पायांत सडपातळ असतात. वर्धा आणि नागपूर या भागांतील गवळाऊ जातीचे बैल असेच पांढरे, सडसडीत आणि चालीला चपळ. मराठ्यांच्या फौजांचें सामान जलद नेण्यासाठीं हे बैल वापरीत असत, असें सांगतात. मुलाच्या दोरीमागून येणारा बैल हा कोणताहि बैल नाहीं. तो आपल्या मुलखाचा बैल आहे.

ज्या सुताराकडून बैल येई, त्याच्याच किंवा त्याच्या शेजारच्या कातार्‍याच्या हातून मुलांचें दुसरें मोठें वेड येई. तें म्हणजे भोवरा. जुन्या पद्धतींत कातकामाला दोन माणसें लागत. एक जण दोरीचे अथवा चामड्याच्या पट्ट्याचे झोके देऊन लांकूड पुढें-मागें फिरवी, आणि दुसरा पटाशी टेंकवून त्याला आकार देई. लांकूड आपल्याकडे फिरत असेल तेवढ्याच क्षणीं पटाशी चालवायची, उलट फिरतांना उचलून धरायची. भोवऱ्याची परीक्षा त्याच्या आरींत असते. खालची लोखंडी आर लांकडाच्या नेमक्या मध्यावर बसली तर जाळी गुंडाळून फेंकलेला भोवरा एका जागीं इतका स्थिर फिरतो कीं, तो उभाच आहे असें वाटावें. आर केसभर जरी सरकली तरी भोवरा थरथरतो आणि लौकर लोळण घेतो. बैलाचें चाक आणि भोवरा या दोन्हींचें मर्म एकच: जें फिरावयाचें त्याचा मध्य चुकतां कामा नये. पुढें यंत्रशाळेंत जाणाऱ्या मुलाला हा धडा प्रथम अंगणांतच मिळत असे.

लांकडी खेळण्यांचीं याहून प्रसिद्ध केंद्रें हिंदुस्थानांत आहेत. सावंतवाडीला चितारी लोक पांगाऱ्यासारख्या हलक्या लांकडाचीं फळें व बाहुल्या करून रंगवतात. कर्नाटकांत चन्नपट्टण येथें काळ्या कुड्याच्या जातीच्या पांढऱ्या लांकडाचीं खेळणीं कातून, फिरत्या लांकडावर रंगीत लाखेची कांडी दाबतात; घर्षणाच्या उष्णतेनें लाख वितळून चढते, आणि केवड्याच्या जातीच्या पानानें तिला चकाकी देतात. हीं खेळणीं देशोदेशीं जातात आणि कांचेच्या कपाटांत शोभून दिसतात. नागपूरच्या बैलाला तशी कीर्ति मिळाली नाहीं. त्याच्या अंगावर लाखेची झळाळी नाहीं आणि परमुलखांत त्याला गिऱ्हाईकहि नाहीं, कारण त्याचें काम एका ठराविक तिथीला, एका ठराविक मुलखांतच असतें. परंतु कपाटांतील खेळण्याला जें मिळत नाहीं तें त्याला मिळतें. वर्षांतून एकदां सारें घर त्याच्यापुढें वांकतें.

या सणांतहि लहान-मोठेपणा शिरलाच नाहीं, असें म्हणतां येणार नाहीं. वर्धा जिल्ह्यांतील सिंदी रेल्वे येथें तान्ह्या पोळ्याला जे नंदी निघतात, ते ओढण्यासाठीं मोठीं माणसें लागतात, इतके ते प्रचंड असतात. शहरांत सजावटीच्या स्पर्धा होतात, आणि बक्षीस बहुधा ज्याच्या बापानें अधिक खर्च केला त्या बैलाला मिळतें. शेजारच्याचा बैल मोठा म्हणून रडणारा रोहसेन प्रत्येक गल्लींत एखादा असतोच. तरी मोठ्या पोळ्याशीं तुलना केली तर एक फरक राहतो. तेथें रांगेंत उभें राहण्यासाठीं जोडी लागे आणि जोडीसाठीं शेत लागे. येथें वीतभर लांकूड आणि चार चाकें असलीं कीं तोरणाखालीं जागा मिळते. मोलकरणीचें मूल आणि मालकिणीचें मूल एकाच दारांत बोजारा मागतात, आणि तो नाकारण्याची रीत नाहीं.

आज या बैलावर एक नवी जबाबदारी येऊन पडली आहे. जो खरा बैल त्याचा आदर्श, तोच झपाट्यानें कमी होत आहे. २०१२ च्या पशुगणनेंत भारतांत गोवंशांतील नर सुमारें ६ कोटी ७९ लाख होते. २०१९ च्या गणनेंत ते सुमारें ४ कोटी ७४ लाख उरले. सात वर्षांत जवळजवळ एक-तृतीयांश गेले. नांगरणी ट्रॅक्टरनें होते, माल टेंपोनें जातो, आणि वर्षभर बैलजोडी पोसणें लहान शेतकऱ्याला परवडत नाहीं. त्यांत शेतकऱ्याला दोष देण्यांत अर्थ नाहीं. जो बैल वर्षांतून थोडेच दिवस कामाला येतो, त्याची वैरण मात्र तीनशें पासष्ट दिवस लागते. अनेक गांवांत मोठ्या पोळ्याच्या तोरणाखालीं जोड्या मोजक्या असतात, आणि दुसऱ्या दिवशीं त्याच तोरणाखालीं लांकडी बैलांची दाटी होते. जो पोळा मोठ्याची सावली म्हणून सुरू झाला, तो आतां मोठ्याला मागें टाकीत आहे. शहरांतील पुष्कळ मुलांना वशिंड म्हणजे काय हें लांकडी बैलावरूनच कळतें.

अशा वेळीं तो बैल कसा घडवला आहे याला महत्त्व येतें. ज्या सुतारानें खरा बैल औताला चालतांना पाहिला आहे, त्याच्या हातच्या बैलाची मान पुढें झुकलेली असते, कारण ओझें ओढणारा बैल तसाच चालतो. सांच्यांतून निघालेल्या प्लॅस्टिकच्या बैलाची मान ताठ असते. मुलाला हा फरक कोणी शिकवीत नाहीं. पण ज्या बैलाशीं तें वाढतें, त्याच्याच अंगलटीची आठवण त्याच्याजवळ राहते. जुना बैल मोडला तर नवा घेण्याआधीं त्याला सुताराकडे नेण्याची रीत पुष्कळ घरांत आहे. आजोबांच्या वेळचें धड, बापाच्या वेळीं बदललेले पाय आणि नातवासाठीं बसवलेलीं नवीं चाकें, असे बैल नागपुरांत आहेत. असा बैल दुरुस्त करणारा सुतार गल्लींत आहे तोंवर या सणाला धोका नाहीं.

प्रतिपदेची रात्र झाली कीं मूल पेंगुळतें, बोजाऱ्याचे पैसे उशाखालीं जातात आणि बैल पुन्हां फडताळावर चढतो. त्याच्या कपाळावरचें कुंकू मात्र कोणी पुसत नाहीं. तें पुढच्या श्रावणापर्यंत तसेंच राहतें.